सान हुआनचा कोट: एल मोरोच्या आधी सान क्रिस्तोबाल पाहावा

पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथील जुन्या शहरात जी गर्दी दिसते, तिच्यातील बहुतेकांचा दिवस एकाच ठरावीक वाटेने जातो. बंदरात लागलेल्या क्रूझच्या जहाजावरून उतरायचे, रंगीत घरांच्या गल्ल्यांतून छायाचित्रे काढत चढण चढायची, एल मोरो किल्ल्याच्या तटावरून समुद्र पाहायचा आणि काहीतरी खाऊन परत जहाज गाठायचे. असा दिवस आनंदात जातो यात शंका नाही. पण हे शहर याच टेकडीवर का वसवले गेले आणि एवढ्या हल्ल्यांतून कसे टिकले, हे त्यातून मुळीच कळत नाही. ते कळण्यासाठी सान क्रिस्तोबाल हा दुसरा, जमिनीच्या बाजूचा किल्ला पाहावा लागतो, आणि माझ्या मते तोच आधी पाहावा.

दोन्ही किल्ले अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात आहेत. प्रौढांसाठी १० डॉलरचे एकच तिकीट दोन्हींकडे चालते, ते २४ तास वैध असते आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. एवढ्या पैशांत एवढे पाहण्यासारखे देणारी ठिकाणे कॅरिबियन भागात फार नसतील. याच तिकिटावर सान क्रिस्तोबालला एका दिवशी दुपारी आणि एल मोरोला दुसऱ्या दिवशी सकाळी जाता येते. उन्हाचा विचार केला तर हीच विभागणी सोयीची पडते. किल्ले संध्याकाळपर्यंत उघडे राहत नाहीत, दुपार कलताच दरवाजे बंद होऊ लागतात. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा पाहून घ्याव्यात.

मराठी वाचकांना या शहराविषयी सांगताना एक व्यावहारिक गोष्ट आधी सांगावी लागते. पोर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतील प्रदेश असल्यामुळे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून तेथे जाणे हा देशांतर्गत प्रवास ठरतो. न्यूयॉर्क किंवा न्यूआर्कहून थेट विमानाने सुमारे ४ तास लागतात. न्यू जर्सी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांपैकी जे नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि पासपोर्टवरील शिक्क्याची मुदत संपल्यामुळे देशाबाहेर जाणे टाळतात, त्यांना कॅरिबियन समुद्रकिनारी सुट्टी घालवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. तरीही पासपोर्ट आणि वास्तव्याची कागदपत्रे जवळ ठेवावीत, कारण विमानतळावर तपासणी होऊ शकते. भारतातून थेट येणाऱ्यांना मात्र अमेरिकेचा व्हिसा लागतो. चलन डॉलर आहे, रोजच्या व्यवहाराची भाषा स्पॅनिश आहे आणि जुन्या शहरात इंग्रजीवर काम भागते.

आता मूळ मुद्दा. जुने सान हुआन एका छोट्या बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. उत्तरेला खुला अटलांटिक, दक्षिणेला वादळापासून सुरक्षित असा खोल उपसागर आणि या उपसागरात शिरायला पश्चिमेकडे एकच अरुंद मुख. हुआन पोन्से दे लेओन या स्पॅनिश सरदाराने १५०८ मध्ये आपली पहिली वसाहत, काप्पारा, उपसागराच्या पलीकडे थोडी आत वसवली होती. ती १५२१ मध्ये या बेटावर हलवण्यात आली. स्पेनहून अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांना गोडे पाणी आणि निवारा मिळणारे हे सुरुवातीचे मोठे बंदर होते, आणि ते शत्रूच्या हाती पडले तर पुढच्या सगळ्या वाटेला धोका होता. म्हणूनच मेक्सिकोतील वसाहतीच्या खजिन्यातून या शहराच्या संरक्षणासाठी दीर्घकाळ पैसा येत राहिला. पोर्तो रिकोची स्वतःची मिळकत एवढे तट बांधण्याइतकी कधीच नव्हती.

पहिली गढी, ला फोर्तालेसा, १५३३ मध्ये बांधायला घेतली गेली. ती उपसागराच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे बंदराच्या मुखावर तिचा काहीच जोर चालत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १५३९ मध्ये मुखावरच्या कड्यावर एल मोरोचे काम सुरू झाले. ला फोर्तालेसा आज राज्यपालांचे निवासस्थान आहे, आणि शासनप्रमुखाचा अखंड वापर असलेली पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुनी वास्तू म्हणून ती ओळखली जाते. आत जाण्याची सोय मर्यादित आहे. जमले तर पाहावी, न जमल्यास हळहळू नये.

यापुढचा इतिहास तीन तारखांत सांगता येतो आणि त्या तीन तारखा लक्षात ठेवून फिरले की दोन्ही किल्ल्यांची रचना आपोआप उलगडते. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने समुद्राच्या बाजूने हल्ला केला आणि तोफांपुढे त्याला माघार घ्यावी लागली. १५९८ मध्ये इंग्लंडमधील कंबरलंडचा सरदार जॉर्ज क्लिफर्ड याने तीच चूक केली नाही; त्याने पूर्वेकडे सैन्य उतरवले, जमिनीवरून चालत येऊन शहर घेतले आणि एल मोरोही घेतला. त्याला हुसकावले ते कोणा सेनेने नव्हे, हगवणीच्या साथीने. १६२५ मध्ये बाउडेवाइन हेंड्रिक्स याच्या डच आरमाराने मुखातून आत शिरून शहर ताब्यात घेतले; एल मोरो मात्र हुआन दे हारो या राज्यपालाने लढवला, आणि डच निघून गेले ते शहराला आग लावून. समुद्राकडे तोंड करून बसलेला एकटा किल्ला शहर वाचवू शकत नाही, हा धडा एवढ्या किमतीला मिळाला. १६३० च्या दशकात शहराभोवती तट उभा राहू लागला आणि १६३४ मध्ये पूर्वेकडील उंचवट्यावर सान क्रिस्तोबालच्या कामाला सुरुवात झाली.

म्हणूनच सान क्रिस्तोबाल आधी पाहावा, असा माझा आग्रह आहे. स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडांत बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला असून त्याचा विस्तार सुमारे २७ एकर आहे. त्याला आजचे रूप आले ते १७६५ नंतर. राजाने पाहणीसाठी पाठवलेला आलेहांद्रो ओरायली आणि बांधकामाचा प्रमुख अभियंता तोमास ओदाली हे दोघेही मूळचे आयरिश आणि स्पेनच्या चाकरीत असलेले होते. त्यांनी एका उंच भिंतीवर भिस्त ठेवली नाही. मुख्य किल्ल्यापुढे खंदक, खंदकापुढे बाहेरचे बुरूज, त्यांच्यापुढे आणखी एक खंदक आणि आणखी बांधकामे अशा पायऱ्या रचल्या. बाहेरचा प्रत्येक भाग मागच्या भागापेक्षा ठेंगणा आहे. शत्रूने एक भाग जिंकला तरी तो मागच्या तोफांच्या माऱ्यात उघडा पडावा, हा त्यामागचा हिशेब. सर्वांत वरच्या सज्जावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की हा हिशेब एका नजरेत समजतो. चित्रफलक वाचण्याचीही गरज भासत नाही.

१७९७ मध्ये या रचनेची परीक्षा झाली. त्याच वर्षी स्पेनकडून त्रिनिदाद घेतलेला ब्रिटिश सेनापती राल्फ ॲबरक्रॉम्बी मोठे आरमार घेऊन येथे आला, पूर्वेकडे उतरला आणि बेटाच्या पूर्व टोकाच्या संरक्षक फळीपाशीच अडकून पडला. सान क्रिस्तोबालपर्यंत तो पोहोचू शकला नाही आणि सुमारे दोन आठवड्यांनी निघून गेला.

किल्ल्याच्या मधल्या चौकाखाली पाच मोठी टाकी आहेत. गच्च्यांवर पडणारे पावसाचे पाणी उतारावरून त्यांत जाते आणि लाखो लिटर पाणी साठवले जात असे. ज्या टेकडीवर झरा नाही तेथे वेढ्याच्या काळात शिबंदी जगवायची तर याहून महत्त्वाचे बांधकाम दुसरे कोणते नाही. सह्याद्रीतील गडांवर टाक्यांपाशी थांबणाऱ्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. चौकाच्या खालून भुयारे जातात. त्यांपैकी काही शत्रू वर चढून आलाच तर त्याच्या पायाखाली दारू उडवण्यासाठी खणलेली होती.

याच भुयारांच्या वाटेवर अंधारकोठडी आहे, आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा. कोठडीच्या भिंतीवर गलबतांची चित्रे काढलेली आहेत. चित्रांत शिडे आहेत, डोलकाठ्यांना बांधलेले दोर आहेत, फडकणारी निशाणे आहेत. कोणता दोर कोठून कोठे जातो हे चित्रकाराला नेमके ठाऊक होते, हे रेषांवरून दिसते. म्हणूनच बंडाच्या आरोपावरून डांबलेल्या एखाद्या कप्तानाने ती काढली असावीत असे मानले जाते. आत उजेड अतिशय कमी असल्यामुळे घाईघाईने डोकावणाऱ्यांना काळपट डागांपलीकडे काही दिसत नाही. दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे, डोळे सरावले की एकामागून एक जहाज दिसू लागते. आम्ही तेथे असताना कितीतरी माणसे आत येऊन काही न दिसता परत गेली, त्याचे वाईट वाटले.

एल मोरोची गोष्ट वेगळी आहे. तो पहिल्या दर्शनातच जिंकतो. शहराच्या शेवटच्या रस्त्यापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत मोठे हिरवे मैदान आहे. दरवाजाकडे येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून ते मोकळे ठेवलेले होते, आणि आज तोच आडोसा नसलेला रस्ता भर उन्हात चालणाऱ्याची परीक्षा पाहतो. टोपी, पाण्याची बाटली आणि सकाळची वेळ या तिन्ही गोष्टी हव्यात. किल्ल्याचे सहा स्तर कड्यावरून थेट पाण्यापर्यंत उतरतात. वरच्या सपाटीची समुद्रापासूनची उंची सुमारे १४० फूट आहे. मुखाच्या पलीकडच्या छोट्या बेटावर एल कान्युएलो नावाची चौकोनी गढी दिसते. तेथून आणि येथून होणाऱ्या माऱ्यात मुखातून शिरणारे जहाज सापडावे, अशी ही जोडी होती. बहुतेक जण वरूनच परततात; पाय साथ देत असतील तर खालच्या सान्ता बार्बारा तोफमाळेपर्यंत जरूर उतरावे, कारण बंदराचे मुख किती अरुंद आहे आणि लाटा कड्यावर किती जोराने आपटतात, हे तेथेच कळते.

दोन्ही किल्ल्यांवर तीन निशाणे शेजारी शेजारी फडकतात: अमेरिकेचे, पोर्तो रिकोचे आणि बर्गंडीचा लाल क्रूस असलेले जुने स्पॅनिश लष्करी निशाण. १० मे १८९८ रोजी अमेरिका-स्पेन युद्धातील पोर्तो रिकोच्या बाजूने पहिली तोफ सान क्रिस्तोबालवरून डागण्यात आली. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या युद्धनौकांनी शहरावर तोफा चालवल्या, त्यात एल मोरोवरील दीपगृहाचे नुकसान झाले. आजचे दीपगृह १९०८ चे आहे. १८९८ च्या अखेरीच्या पॅरिस तहाने पोर्तो रिको अमेरिकेकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही किल्ल्यांच्या माथ्यावर काँक्रीटच्या टेहळणीच्या चौक्या चढवल्या गेल्या. त्या डोळ्यांना खुपतात, पण त्या काढून टाकल्या नाहीत हे योग्यच झाले; १६ व्या शतकापासून १९६१ मध्ये लष्कर बाहेर पडेपर्यंत ही जागा सतत वापरात होती, आणि त्या चौक्या त्याचाच भाग आहेत.

देखभालीविषयी मोकळेपणाने चांगले लिहिले पाहिजे. तटाची दुरुस्ती पारंपरिक पद्धतीच्या चुन्याच्या गिलाव्याने केली जाते. जुना वाळूचा दगड आतून श्वास घेतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडून दगड फुटतो, हे कारण आहे. ठिकठिकाणी गिलावा झडलेला आहे आणि आतले दगड उघडे दिसतात, शेजारी नव्या चुन्याचा फिका पट्टा दिसतो. हे काम कधी संपणारे नाही, कारण खारा वारा आणि पाऊस थांबणार नाहीत. सान हुआनचे किल्ले आणि ला फोर्तालेसा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले त्याच यादीत आले. आपल्याकडे किल्ल्यांवर काम करणाऱ्या संस्थांमधील कोणी येथे आले, तर चुन्याचे काम, पाण्याचा निचरा आणि गर्दीची वाट कशी आखली आहे, एवढे तरी बारकाईने पाहून जावे.

उणिवाही आहेत. माहितीफलक स्पॅनिश आणि इंग्रजीत आहेत आणि लढायांविषयी भरपूर बोलतात; हे दगड ज्यांनी वाहिले त्या गुलाम, कैदी आणि मजुरांविषयी मात्र फारच थोडे सांगतात. पोर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ पर्यंत चालू होती, तेव्हा हा विषय कोपऱ्यातल्या एखाद्या परिच्छेदाचा नाही. वृद्धांना आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना एल मोरोचे खालचे स्तर जवळजवळ बंदच आहेत. सावली कमी आहे.

पैसे भरून घेतलेल्या पायी सहलीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. आम्ही ज्या सहलीत सामील झालो, तिच्या वाटाड्याने बराच वेळ दुकानांच्या रस्त्यावर घालवला, एल मोरोबाहेर उभे राहून घाईने इतिहास सांगितला आणि सान क्रिस्तोबालकडे केवळ बोट दाखवले. सगळ्याच सहली अशा असतील असे नाही. पण नावनोंदणीपूर्वी दोन्ही किल्ल्यांच्या आत नेणार का, आणि तिकीट धरून किती वेळ, हे लेखी विचारावे. त्यापेक्षा उद्यान विभागाच्या रक्षकांशी बोलणे कितीतरी फायद्याचे. ते प्रश्नांची उत्तरे आपुलकीने आणि नेमकी देतात.

किल्ल्यांखेरीज काय पाहावे, याचे उत्तर माझ्यापुरते सोपे आहे: तट, बाहेरून. उपसागराकडच्या तटात १६३५ च्या सुमाराचा सान हुआन दरवाजा आहे, लाल रंगाचा, आणि समुद्रमार्गे येणारे बिशप व राज्यपाल त्यातूनच शहरात शिरत. त्याच्याबाहेर पाण्याच्या कडेने तटाच्या पायथ्याशी वाट जाते, ती एल मोरोखाली संपते. वरून पाहताना ज्या भिंती सुबक वाटतात, त्या या वाटेवरून माथ्यावर झुकल्यासारख्या दिसतात आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर बसवलेल्या घुमटाकार चौक्या कोठे कोठे नजर ठेवत असतील हे समजते. ही वाट विनामूल्य आहे, मांजरांनी भरलेली आहे आणि मावळतीपूर्वी सर्वांत सुंदर असते. शहर वाढवण्यासाठी तटाचा पूर्वेकडचा काही भाग १८९७ मध्ये पाडण्यात आला, त्यामुळे पूर्ण प्रदक्षिणा आता घालता येत नाही.

दरवाजातून चढ चढून गेले की कॅथेड्रल लागते. पोन्से दे लेओनचे अवशेष विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील संगमरवरी कबरीत आणून ठेवले आहेत. जवळच्या सान होसे चर्चचे काम १५३२ मध्ये सुरू झाले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर ते २०२१ मध्ये पुन्हा उघडले, आणि कॅथेड्रलपेक्षा ते मला अधिक भावले. त्याच्या कमानदार छताखाली उभे राहिल्यावर मध्ययुगीन युरोपची बांधणी समुद्र ओलांडून येथे कशी आली, हे दिसते. चर्चपुढच्या चौकात पोन्से दे लेओनचा पुतळा आहे. १७९७ मध्ये ब्रिटिशांकडून हस्तगत केलेल्या तोफा वितळवून तो ओतला, आणि जानेवारी २०२२ मध्ये स्पेनचे राजे भेटीवर येण्याच्या दिवशी तो पाडण्यात आला व लगेच पुन्हा बसवण्यात आला. या शहरात इतिहासाविषयीचा वाद जिवंत आहे, आणि पाहुण्याने त्याची जाणीव ठेवावी.

रस्त्यांकडे मात्र खाली मान घालून पाहावे. त्यांवरील फरसबंदी निळसर आहे. हे ठोकळे नैसर्गिक दगड नसून लोखंडाच्या भट्टीतील मळी ओतून बनवलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर पोलादी निळी झाक असते. पाऊस पडून गेला की ती गडद होते आणि ठोकळ्यांवरील बारीक छिद्रे व ओतीव कडा स्पष्ट दिसतात. ओले असताना ते निसरडे असतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घालावेत.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने सावध असावे. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसूण घालून खलबत्त्यात कुटलेला गोळा, चवीला उत्तम. परंतु त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. साध्या दिसणाऱ्या राजम्यातही हॅम असू शकते. एका उपाहारगृहात मांस नको असे स्पष्ट सांगूनही आमच्या ताटात हॅमचे तुकडे आले, म्हणून हॅम, चरबी आणि मांसाचे पाणी यांविषयी वेगवेगळे विचारावे. तोस्तोनेस (कच्च्या केळीचे दोनदा तळलेले चपटे काप), भात आणि एव्होकॅडो यांवर पोट भरते. जुन्या शहरातील एखाद्या कॅफेत लोणी लावून भाजलेली, वर पिठीसाखर पेरलेली मायोर्का नावाची पाव-गुंडाळी आणि दुधाळ कॉफी घ्यावी. दुपारी एल मोरोच्या मैदानाजवळ हातगाडीवर पिरागुआ मिळते. आपल्या बर्फाच्या गोळ्याचीच बहीण, आणि तिचा चिंचेचा प्रकार चुकवू नये. त्याच मैदानावर शनिवार-रविवारी घरेच्या घरे पतंग उडवायला येतात. अटलांटिकचा वारा इतका एकसारखा असतो की लहान मुलांचेही पतंग सहज चढतात.

राहण्यासाठी जुन्या शहरात हॉटेले महाग आहेत, पण एक रात्र तरी तेथे काढणे मला आवश्यक वाटते, कारण क्रूझची जहाजे सुटल्यावर गल्ल्या रहिवाशांच्या होतात आणि उकाडाही कमी झालेला असतो. गाडी भाड्याने घेतली असल्यास ती या भागात आणू नये. रस्ते अरुंद आहेत आणि वाहनतळ लवकर भरतात. परतताना विमानतळावर सामान नोंदवण्यापूर्वी कृषी विभागाची तपासणी होते आणि बरीच ताजी फळे मुख्य भूमीवर नेऊ देत नाहीत. तेव्हा आंबे घेतले असतील, तर ते हॉटेलवरच खाऊन निघावे.